टायर बदलल्यापासून ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतोय, १० नंबरच्या फरकाने एवढं होतं का?

इंदिरानगरकर_१५

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही. माझी डिझायर झेडएक्सआय पेट्रोल, २०१९ ची, ४८ हजार किमी झालेत. कंपनीचे टायर होते १८५/६५ आर १५. ते आता गोटे झाले होते म्हणून तीन महिन्यांपूर्वी नाशिकमध्ये मुंबई नाक्याच्या बाजूला एका दुकानात चारही बदलले. दुकानदार म्हणाला १८५ शिल्लक नाही, त्याच रिमवर १९५/६५ आर १५ आरामात बसतं, शिवाय गाडी अर्धा इंच वर उचलेल, आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता बरंच आहे. मी हो म्हणालो.

आता प्रॉब्लेम असा की माझी बहीण ठाण्याला असते आणि मी महिन्यातून एकदा तरी जातोच. मला डायरीत पेट्रोल आणि किमी लिहायची सवय आहे. आमच्या पार्किंगपासून तिच्या गेटपर्यंत ट्रिप मीटरवर १४३ यायचे, एखादा पॉइंट इकडे तिकडे. टायर बदलल्यानंतर तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा १३८. रस्ता तोच, इगतपुरी, कसारा घाट, कुठेही वळसा नाही. ५ किमी गेले कुठे? आणि अ‍ॅव्हरेज जे २० मिळायचं ते १८.६ वर आलंय.

सर्व्हिसिंगला विचारलं तर सांगितलं मीटर खराब झालं असेल, अख्खा क्लस्टर (डॅशबोर्डवरचा मीटरचा संच) बदलावा लागेल. तो खर्च ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो. टायरमुळे होऊ शकतं का हे? १८५ चं १९५ झालं, फक्त १० चा फरक आहे, त्याने एवढं होईल असं वाटत नाही.

सातपूर_क्वालिटी

भाऊ क्लस्टरला हात लावू नका, मीटर ठणठणीत आहे. मी बावीस वर्षं एमआयडीसीत मोजमापाच्या खात्यात काढलीत, हा विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून नीट सांगतो.

गाडीला किलोमीटर कळत नाहीत. तिला फक्त चाक किती वेळा फिरलं एवढंच कळतं. फेऱ्या मोजायच्या आणि कारखान्यात भरलेल्या एका आकड्याने गुणायचं, झालं तुमचं किलोमीटर. तो आकडा १८५/६५ आर १५ चा घेर धरून भरलेला आहे. तुम्ही घेर बदललात, आकडा तोच राहिला.

आता घेर कसा काढायचा. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटर नाही, रुंदीच्या ६५ टक्के. इथेच सगळे फसतात, कारण रुंदी वाढवली आणि ६५ तसंच ठेवलं की भिंत आपोआप उंच होते. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. तर १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१ मिमी रिम. वर खाली दोन भिंती, १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५. एकूण व्यास ६२१.५ मिमी. तुमच्या नव्या टायरचं तसंच केलं तर १९५ चे ६५ टक्के १२६.७५, दुप्पट २५३.५, व्यास ६३४.५. म्हणजे व्यासात १३ मिमीचा फरक, घेरात जवळपास ४१ मिमीचा, टक्क्यात २.१. चाक एका फेरीत २.१ टक्के जास्त रस्ता कापतं, मीटरला ते माहीत नाही, म्हणून मीटर तेवढं कमी दाखवतं.

दुकानदाराचा अर्धा इंच पण इथेच सापडला बघा. १३ मिमी म्हणजे अर्धा इंच बरोबर, पण तो व्यासातला. एक्सल वर उचलला जातो त्याच्या निम्मा, साडेसहा मिमी. तेवढ्याने स्पीडब्रेकरला घासणारी गाडी घासायची थांबत नाही.

कंपन्या स्वतः किती काळजी घेतात तेही बघा. याच गाडीच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ येतो. हिशोब करा, व्यास ६१९.६. बलेनोला १६ इंची रिमवर १९५/५५ येतो, त्याचा ६२०.९. आणि तुमचा मूळचा ६२१.५. रिम १४, १५, १६, रुंदी तीन वेगळ्या, आणि तिन्ही टायरांच्या व्यासात २ मिमीचाही फरक नाही! रिम मोठी केली की भिंत बुटकी करतात ती दिसायला छान म्हणून नाही, घेर राखायचा असतो.

इंदिरानगरकर_१५

सातपूर काका खूप खूप धन्यवाद, असं कुणी समजावलंच नव्हतं. पण एक शंका राहते. १४३ मधून २.१ टक्के कमी केले तर १४० येतात. माझे १३८ येतायत. उरलेले २ किमी कुठे गेले? तिन्ही वेळा १३८ च्या आसपासच आलेत त्यामुळे वाचण्यात चूक नाही.

सातपूर_क्वालिटी

हा प्रश्न बरोबर आहे, आणि मला लगेच सुचत नाहीये. हवेचं प्रेशर किती ठेवता?

इंदिरानगरकर_१५

मॅन्युअलप्रमाणेच. गार टायरमध्ये भरतो, महिन्यातून दोनदा.

शिर्डी_फेऱ्या

माझी गाडी भाड्याने चालते, नाशिक शिर्डी, नाशिक मुंबई एअरपोर्ट, वर्षाला ६० हजाराच्या वर किमी होतात, त्यामुळे दीड वर्षात टायरचा सेट संपतोच. हे २ किमी कुठे गेले ते मला माहीत आहे कारण ते मी दर सेटला बघतो. तुम्ही नव्या टायरची तुलना नव्या टायरशी केलीत. पण त्यांनी काढले ते टायर नवे नव्हते, ४८ हजार पळालेले होते.

नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी असते आणि १.६ राहिली की टायर बाद, खाचेत ती छोटी आडवी गाठ असते तिथपर्यंत घासला की समजायचं. ४८ हजाराला तुमची ३ च्या आसपास राहिली असेल. म्हणजे ५ मिमी घासली. वर ५ खाली ५, व्यास १० मिमी कमी. म्हणजे तुम्ही जो टायर काढला तो ६२१.५ चा नव्हता, ६११.५ चा झाला होता. आता ६३४.५ ला ६११.५ ने भागा, पावणेचार टक्के फरक येतो. १४३ वरून १३७.८. झाले ना १३८.

माझ्या धंद्यात हे फार लागतं म्हणून लिहितो. जुन्या टायरवर मीटर जास्त पळतं, नव्यावर कमी. पार्टीला किलोमीटरवर बिल द्यायचं असतं, आणि कुणी मोबाइलवर नकाशा लावून बसलेलं असलं की वाद होतो, त्यात मीटर जास्त दाखवत असेल तर वाटतं ड्रायव्हरने काही केलं. केलेलं काही नसतं, टायर घासलेला असतो. माझ्या एका मित्राने मोठे टायर टाकले होते, दिसायला मस्त, पण हजार किमीला ३५ किमी बिलातून गायब व्हायला लागले तेव्हा परत कंपनीच्या साइजवर आला.

अ‍ॅव्हरेजचं पण तेच आहे. १८.६ ला १.०३७६ ने गुणा, १९.३ येईल. तुमचं अ‍ॅव्हरेज २० वरून १९.३ झालंय, १८.६ नाही. हा जो पाऊण किमीचा फरक उरतो तो खरा आहे, टायर रुंद आहे, जड आहे, नव्याची खाच खोल असते म्हणून तो रस्त्यावर जास्त लिबलिबतो. थोडा घासला की यातलं थोडं परत मिळेल.

सातपूर_क्वालिटी

वा, शिर्डीवाले दादा. मी कागदावर अडकलो होतो, तुम्ही रस्त्यावरून उत्तर आणलंत. मान्य.

एक भर घालतो. आपण जो व्यास काढतोय तो हवेत धरलेल्या चाकाचा. गाडीच्या वजनाखाली टायर खालून चपटा होतो, त्यामुळे चालतं चाक एका फेरीत जेवढं पुढे जातं ते व्यास गुणिले ३.१४ एवढं नसतं, थोडं कमी असतं. युरोपात टायर आणि रिमची मानकं ठरवणारी जी संस्था आहे ती रेडिअल टायरला (मापातला आर म्हणजे हाच) ३.१४ ऐवजी ३.०५ ने गुणते, म्हणजे साधारण ३ टक्के कमी. पण फार कमी होत नाही, कारण रेडिअलच्या ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या थराखाली) स्टीलच्या तारांचा पट्टा असतो, तो ताणत नाही की आखडत नाही, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा रस्त्यावर उलगडत जातो. म्हणून हवा थोडी कमी झाली तर टायर दिसायला बराच बसलेला वाटतो पण घेर अगदी थोडाच बदलतो.

इंदिरानगरकर, तुम्ही स्वतः मोजून बघा, खडू आणि मोजपट्टी एवढंच लागतं. सपाट पार्किंग शोधा. प्रेशर बरोबर करा, तुम्ही गाडीत बसलेले हवेत. टायरवर जिथे तो जमिनीला टेकलाय बरोबर तिथे खडूची रेघ, खाली फरशीवर पण. आता कुणाला तरी बघायला सांगून गाडी सरळ हळू पुढे घ्या, एक नाही, पाच फेऱ्या, स्टिअरिंग अजिबात न हलवता. रेघ पाचव्यांदा खाली आली की फरशीवर दुसरी खूण. अंतर मोजा आणि पाचने भागा. एका फेरीत खडूच्या रेघेची जाडी पण चूक करते, पाचात ती वाटली जाते.

इंदिरानगरकर_१५

काल संध्याकाळी केलं. मुलगी टायर बघायला आणि आमच्या शेजारचे काका पट्टी धरायला. पाच फेऱ्यांना ९ मीटर ६६ सेंटिमीटर. म्हणजे एका फेरीला १९३२ मिमी. ६३४.५ ला ३.०५ ने गुणलं तर १९३५ येतात, ३ मिमीचा फरक, मला तर आश्चर्यच वाटलं इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

मग अजून एक केलं. काकांची पण डिझायरच आहे, माझ्यासारखीच, कंपनीचेच १८५/६५ अजून आहेत आणि माझ्यासारखेच घासलेत. त्यांची गाडी पण चालवून बघितली, पाच फेऱ्यांना ९ मीटर ३२. भागाकार केला, ९.६६ भागिले ९.३२, ३.६५ टक्के. १४३ ला त्याने भागलं तर १३७.९७. एकदा नाही तीनदा कॅल्क्युलेटरवर केलं.

स्पीडचं पण विचारायचं होतं. आधी मीटरवर १०० असताना मोबाइलच्या जीपीएसवर ९५ ९६ दिसायचे. आता ९९ दिसतात. म्हणजे मीटर जास्त अचूक झालं का? हे चांगलंच ना?

सातपूर_क्वालिटी

नाही, यात गफलत होते सगळ्यांची. स्पीडोमीटर मुद्दाम जास्त दाखवतो. संयुक्त राष्ट्रांचा ३९ नंबरचा नियम आहे त्यात स्पष्ट आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किमी यापुढे नाही. म्हणजे खरे १०० असताना मीटर १०० ते ११४ मधलं काहीही दाखवू शकतं पण ९९ नाही. कंपनीने जी राखीव जागा ठेवली होती ती तुम्ही टायर मोठा टाकून जवळजवळ संपवलीत. यापुढे अजून मोठा टायर टाकला तर मीटर १२० दाखवेल आणि गाडी १२२ ला असेल. समृद्धीवर कॅमेरा तुमचं मीटर बघत नाही.

आणि कृपा करून हे आधी बघा, तुमची स्टेपनी कुठली आहे?

इंदिरानगरकर_१५

आत्ताच डिकी उघडून बघितली. १४ इंची, लोखंडी रिम, १६५/८०. एकदाही वापरलेली नाही.

सातपूर_क्वालिटी

हेच मला वाटलं. मूळ टायर असताना ही स्टेपनी चालायची कारण ६१९.६ आणि ६२१.५, फरक नसल्यासारखाच. आता तुमचे टायर ६३४.५ चे. पंक्चर झाल्यावर पुढच्या एका बाजूला ही लावलीत तर एक चाक किलोमीटरला ५१७ फेऱ्या मारेल आणि शेजारचं ५२९. हा १२ फेऱ्यांचा फरक सरळ रस्त्यावर सुद्धा डिफरेन्शियलला (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) सतत सांभाळायचा, जे त्याचं काम फक्त वळणावर असतं. एबीएसला (ब्रेक मारल्यावर चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) पण एक चाक वेगळं फिरतंय असंच दिसतं. कसारा घाट पावसात उतरताना मला हे नको वाटेल. तेव्हा पंक्चर झालंच तर ही मागे लावा, आपल्या गाडीत मागच्या चाकांना इंजिनचा जोर नसतो, पुढचं चाक पंक्चर असेल तर मागचं एक चांगलं काढून पुढे घ्या आणि स्टेपनी मागे. कटकट आहे, पंधरा मिनिटं जास्त जातील, पण करा. आणि हळू, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच.

थार_गंगापूररोड

मध्ये बोलतो, आमच्याकडे पण हा विषय रोज असतो. थार आपल्या नाशिकच्या प्लांटमध्येच बनते त्यामुळे इथे दर चौथा माणूस तिचे टायर बदलायच्या विचारात असतो. तिला दोन साइज येतात, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८, व्यास ७७४ आणि ७८९ मिमी. फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात, मध्ये डिफरेन्शियल नसतं. म्हणून पुढे घासलेले आणि मागे नवे असं चालत नाही, डांबरी रस्त्यावर तर अजिबात नाही, कारण चाकांना वेगवेगळ्या फेऱ्या मारायच्या असतात आणि गिअर त्यांना मारू देत नाही. चिखलात घसरून जुळवून घेतात. मी दर ८ हजाराला टायर पुढेमागे करतो म्हणजे चारही सारखे घासतात.

द्राक्षबाग_निफाड

थारवाले दादांनी जे सांगितलं ते ट्रॅक्टरला बरोबर उलटं आहे म्हणून लिहावंसं वाटलं. आमच्या बागेत छोटा फोर व्हील ट्रॅक्टर आहे, दोन ओळींत जाणारा. त्याची पुढची चाकं लहान, मागची मोठी, आणि फोर व्हील लावल्यावर पुढच्या चाकाने मागच्यापेक्षा थोडं जास्तच ओढायला हवं, एक ते पाच टक्के. त्याला लीड म्हणतात. हे लीड गिअरचा रेशो आणि टायरच्या घेरावरच ठरतं, म्हणून ट्रॅक्टरच्या टायरच्या कॅटलॉगमध्ये रोलिंग घेर छापलेला असतो, कारवाल्यांना तो बघायची गरज पडत नाही.

मी दोन वर्षांपूर्वी चूक केली, मागचे टायर एक साइज मोठे टाकले. फवारणीला टाकी ओढायला बरं जाईल म्हणून. त्यानंतर पुढच्या टायरच्या नक्षीची टोकं झपाट्याने झिजायला लागली आणि बांधावरून वळवताना स्टिअरिंग जड. काळ्या मातीत कळायचं नाही, कडक रस्त्यावर जाणवायचं. मग एका जुन्या मेकॅनिकने दाखवलं कसं तपासायचं. मागच्या चाकाला खूण करा, दहा फेऱ्या पुढे न्या, फोर व्हील बंद ठेवून पुढचं चाक किती फिरलं मोजा. मग फोर व्हील लावून मोकळ्या मातीत परत दहा फेऱ्या, परत मोजा. माझं आलं बंद असताना १६.२ आणि लावल्यावर १६. म्हणजे लीड नाही, उलट सव्वा टक्का मायनस, पुढचं चाक ओढण्याऐवजी ब्रेकसारखं अडवत होतं. मॅन्युअलमधल्या मागच्या साइजवर परत गेलो तेव्हा बंद १५.५ आणि लावून १६, तीन टक्के लीड. नवीन टायर निम्म्या किमतीत विकावे लागले तो भाग वेगळा. पण इथे कुणी बागवाला वाचत असेल तर त्याने फक्त मागचे किंवा फक्त पुढचे बदलण्याआधी हे दहा फेऱ्यांचं करूनच बघावं.

शिर्डी_फेऱ्या

निफाडवाले भाऊ ही माहिती सोन्यासारखी आहे, माझ्या मामांकडे पिंपळगावला असाच ट्रॅक्टर आहे, त्यांना आजच फोन करतो.

इंदिरानगरकर, आता टायर नवे आहेत, फेकू नका. फुल स्टिअरिंग फिरवून, मागे तीन माणसं बसवून बघा कुठे आतून घासतं का, फेंडरच्या प्लास्टिकवर चकाकी दिसली तर घासतंय समजा. रिमच्या आतल्या बाजूला रुंदी कोरलेली असते ती बघा, १९५ ला साडेपाच इंच तरी रुंदी हवी. ५ निघाली तर मात्र टायर फुग्यासारखा बसलेला आहे, मग बदलाच.

इंदिरानगरकर_१५

रिमवर साडेपाच आहे, बघितलं. घासत पण नाही कुठे, मागे सासूबाई, बायको आणि मुलगी बसवून सोसायटीत आठ आकडा काढला.

आणि आता एक सांगायचंय. रात्री जुन्या डायऱ्या काढल्या, गाडी घेतली तेव्हापासूनच्या. बहीण तेव्हापासून त्याच इमारतीत आहे. २०१९ मधल्या पहिल्या ठाण्याच्या फेरीला मी लिहिलंय १४०.६. नंतर १४०.९. २०२१ मध्ये १४१.५ च्या पुढेमागे. २०२३ मध्ये १४२.३. मग १४३. घाटात काम चालू असताना वळसा पडला त्या फेऱ्या सोडून दिल्या. इतकी वर्षं ओळीत लिहून ठेवलेलं समोर होतं, दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलेलं, आणि मी १४३ हाच आकडा मूळचा धरून बसलो होतो. १४३ गुणिले ६११.५ भागिले ६२१.५ केलं तर १४०.७ येतात. शिर्डीवाले दादा, तुम्ही न बघता जे सांगितलं ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं निघालं.

क्लस्टर बदलत नाहीये. हे टायर संपेपर्यंत वापरतो, डायरीत प्रत्येक पानावर वर १.०२१ लिहून ठेवलंय, गुणून घेईन. पुढचा सेट १८५/६५ च. स्टेपनीसाठी सिडकोत एकाकडे त्याच मापाची १५ इंची जुनी लोखंडी रिम मिळतेय, त्यावर १९५ चा एक टायर चढवून घेतो. ती घेताना रिमवर नक्की काय काय तपासायचं ते कुणी सांगितलं तर बरं होईल, शनिवारी जाणार आहे.

सातपूर_क्वालिटी

चार बोल्टची भोकं तुमच्या रिमवर ठेवून जुळवा, मधलं भोक पण. आतला ऑफसेटचा (रिम किती आत किंवा बाहेर बसते त्याचा) आकडा दोन्हीकडे सारखा हवा. मग गाडीला लावून जॅकवर फिरवा आणि रिमच्या कडेला खडू टेकवून धरा, रेघ पूर्ण गोल उमटली तर सरळ, एकाच ठिकाणी उमटली तर वाकडी, घेऊ नका. जुने नट सोबत ठेवा, लोखंडी रिमला कधी कधी वेगळे लागतात. आणि १४०.६ वाल्या पानाचा फोटो जमलं तर इथे टाका, मला बघायचा आहे.